उमेदवारी : काम करीत शिकण्याचा मार्ग

आजच्या धड्याचा विषय भाकरीचा आहे, म्हणून तो कोणत्याहि घरास परका नाहीं. आपल्या खेड्यांत दहावी-बारावी झालेले मुलगे व मुली काम मिळत नाहीं म्हणून घरीं बसलेलीं दिसतात. त्यांच्या शेजारीं असे मजूरहि राहतात, कीं ज्यांनीं दहा दहा वर्षें गवंडीकाम, सुतारकाम किंवा मोटारदुरुस्ती केली, परंतु ज्यांच्याजवळ त्या कामाचा कसलाहि दाखला नाहीं. एकाजवळ कागद आहे व हातांत कसब नाहीं. दुसऱ्याच्या हातांत कसब आहे व जवळ कागद नाहीं. या दोघांनाहि उपयोगी पडणारा एक मार्ग आहे, तो म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागीं, जाणत्या कारागिराच्या हाताखालीं घेतलेलें शिक्षण. त्यास आपल्या भाषेंत उमेदवारी असें जुनें नांव आहे. ही उमेदवारी खरी केव्हां व नुसती राबणूक केव्हां, हें ओळखावयास शिकणें हा या धड्याचा हेतु आहे.

१. पूर्णा येथील रेल्वे

परभणी जिल्ह्यांतील पूर्णा हें गांव रेल्वेमुळें वाढलें. निजामाच्या राज्यांत १९०० सालाच्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद असा मीटर गेजचा लोहमार्ग झाला. पुढें पूर्णा येथून हिंगोलीकडे फांटा निघाला व गांव जंक्शन बनलें. जंक्शन म्हणजे केवळ गाडी बदलण्याची जागा नव्हे. डबे, चाकें, ब्रेक, रूळ व सिग्नल यांची देखभाल करणारे हात तेथें लागतात. हें काम निव्वळ पुस्तक वाचून येत नाहीं. पूर्वीं चाकावर हातोडीचा ठोका मारून, त्याच्या नादावरून तडा आहे कीं नाहीं हें जाणता मनुष्य ओळखीत असे. असा कान जुन्या कामगाराच्या शेजारीं उभें राहूनच तयार होतो.

परंतु येथें दुसरीहि गोष्ट ध्यानांत घ्यावी. वाफेचें इंजिन गेलें, डिझेलचें आलें, मग विजेचें आलें. पूर्णा-अकोला हा मीटर गेजचा मार्ग २००८ सालीं ब्रॉड गेज झाला. ज्यानें केवळ एक नट कसा आवळावा एवढेंच शिकून घेतलें, त्याचें शिक्षण जुन्या यंत्राबरोबर संपलें. जो नट तेथें कां आहे हें समजून घेतो, तो नव्या यंत्रापुढें गोंधळत नाहीं. म्हणून चांगल्या उमेदवारींत हाताचें शिक्षण व समजुतीचें शिक्षण अशीं दोन्ही असतात.

२००३ सालीं दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग झाला. ही रेल्वे शिकाऊ उमेदवारांसाठीं वेळोवेळीं जाहिरात देते. तीस दहावीला निदान ५० टक्के गुण व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आयटीआयचा, दाखला लागतो. वय साधारणपणें १५ ते २४ असावें लागतें; राखीव वर्गांस वयांत सवलत असते. निवड या दोन परीक्षांच्या गुणांवरून होते. तेव्हां जो कोणी मध्यस्थ "पैसे द्या, नांव लावून देतों" असें म्हणेल, त्यास दारांतूनच परत पाठवावें.

२. कायदा काय सांगतो

पूर्वीं लोहाराचा मुलगा लोहारकी शिके व सुताराचा मुलगा सुतारकी; ज्याच्या बापास धंदा नव्हता त्यास कसबाचें दार बंद असे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानें हें दार जन्मावर ठेविलें नाहीं, करारावर ठेविलें. अनुसूचित जाती व जमातींसाठीं त्यांत जागाहि राखून ठेविल्या आहेत. २०१९ सालीं सुधारलेल्या नियमांप्रमाणें जेथें ३० किंवा अधिक माणसें काम करितात, तेथें एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणें मालकावर बंधनकारक आहे; ४ ते २९ माणसांच्या लहान कारखान्यास ते स्वेच्छेनें घेतां येतात.

या कायद्यांतील पुढील गोष्टी प्रत्येक उमेदवारास तोंडपाठ असाव्या :

(अ) लेखी करार झाला पाहिजे व त्याची नोंद झाली पाहिजे. उमेदवार अज्ञान असल्यास करारावर पालकाची सही लागते.

(आ) उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. त्यास विद्यावेतन मिळतें. तें नगावर, म्हणजे किती माल काढला त्यावर, देतां येत नाहीं. २०१९ च्या नियमांत दहावी झालेल्यास दरमहा निदान ६,००० रुपये व आयटीआयचा दाखला असलेल्यास ७,००० रुपये ठरविले होते. हे आंकडे बदलत असतात, म्हणून करार करितांना चालूं दर विचारून घ्यावा.

(इ) शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या संमतीवांचून त्याच्याकडून जादा वेळ काम घेतां येत नाहीं. कामावर इजा झाल्यास तो भरपाईस पात्र आहे. धोक्याच्या धंद्यांत १८ वर्षांखालील मुलास घेतां येत नाहीं.

(ई) मालकानें करार मोडल्यास उमेदवारास भरपाई मिळते. उमेदवारानें मोडल्यास शिक्षणाचा खर्च त्याच्याकडून वसूल होऊं शकतो. म्हणून सही करणें ही हलकी गोष्ट नव्हे.

(उ) शिक्षण संपल्यावर नोकरी देण्यास मालक बांधलेला नाहीं, जोंपर्यंत करारांतच तसें लिहिलेलें नाहीं. रेल्वेंतहि उमेदवारी पुरी केलेल्यांसाठीं सर्वांत खालच्या श्रेणीच्या भरतींत २० टक्के जागा ठेविल्या आहेत, पण त्यासाठीं परीक्षा द्यावीच लागते.

३. महाराष्ट्राची २०२४ ची योजना

२०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. १८ ते ३५ वयाच्या, निदान बारावी झालेल्या तरुणांस सरकारी कचेरींत किंवा खासगी उद्योगांत सहा महिने काम शिकावयाचें, व बारावी झालेल्यास ६,०००, आयटीआय वा पदविका असलेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा त्याच्या बँकेच्या खात्यांत मिळावयाचे, अशी ती योजना होती. २०२५ सालीं ही मुदत अकरा महिने करण्यांत आली.

पुष्कळ घरांस या पैशांचा आधार झाला. परंतु मुदत संपतांच "आतां पुढें काय?" हा प्रश्न उभा राहिला, पुष्कळ प्रशिक्षणार्थींनीं सेवेंत कायम करावें म्हणून आंदोलनें केलीं. त्यांचें दुःख खरें आहे. जो अकरा महिने रोज कचेरींत जातो, त्यास ती जागा आपलीच वाटूं लागते. यांतून आपण हें शिकावें कीं, मुदतीच्या शेवटीं हातीं काय उरेल हें पहिल्याच दिवशीं विचारावें. जो या काळांत संगणकावर हिशेब ठेवावयास किंवा यंत्र उघडून जोडावयास शिकला, तो दुसऱ्या दारीं जाऊं शकतो. ज्यानें केवळ कागदाचे गठ्ठे इकडून तिकडे नेले, त्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं.

४. ज्यांस काम येतें, पण दाखला नाहीं

२०१५ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत, ज्या मजुरानें काम करूनच कसब मिळविलें आहे, त्याची परीक्षा घेऊन त्यास दाखला देण्याची सोय करण्यांत आली. यास पूर्वज्ञानाची मान्यता म्हणतात. पन्नाशीच्या गवंड्यास शाळेंत बसविणें नको. त्यानें आपल्या हातचें काम दाखवावें. दाखल्यानें मजुरी वाढेलच असें नाहीं. पण अनोळखी ठेकेदारापुढें उभें राहतांना त्याचा उपयोग होतो.

५. सही करण्यापूर्वीं

मंडळींतील शिक्षक व उपदेशक यांस वाचतां येतें. त्यांनीं या कामीं आपल्या घरांस मदत करावी. मुलगा किंवा मुलगी कागद घेऊन आली, तर तिच्याजवळ बसून तो मोठ्यानें वाचावा, आणि हे प्रश्न विचारावे : कोणतें काम शिकविणार? शिकविणारा कोण? मुदत किती? विद्यावेतन किती, व तें कोणत्या तारखेस? परीक्षा व दाखला कोण देणार? यांपैकीं एकाचेंहि उत्तर कागदावर नसेल, तर सही थांबवावी. शिवाय उमेदवारानें एक वही ठेवावी व रोज काय शिकलों तें एका ओळींत लिहावें. दोन महिने लागोपाठ "झाडलोट केली, चहा आणला" एवढेंच लिहिलें गेलें, तर ती उमेदवारी नव्हे. तेव्हां मालकास नम्रपणें विचारावें. त्यानें ऐकलें नाहीं तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे तक्रार करावी. योजनांविषयीं माहिती परभणी येथील जिल्हा कौशल्य विकास केंद्रांत विचारावी.

उमेदवारानेंहि आपली बाजू सांभाळावी. वेळेवर जावें, हत्यारें जागच्या जागीं ठेवावीं, न समजलेलें विचारण्याची लाज धरूं नये. जाणता कारागीर शिकविण्यास बांधलेला असला, तरी जो विचारतो त्यासच तो मनापासून शिकवितो.

विचारासाठीं प्रश्न

१. उमेदवार व कामगार यांत कायद्यानें कोणता भेद केला आहे?
२. विद्यावेतन मिळालें, पण काम शिकविलें नाहीं, तर उमेदवाराचें काय नुकसान होतें?
३. आपल्या गांवांत कसब असून दाखला नाहीं असे कोण कोण आहेत?
४. या महिन्यांत कोणत्या घरीं जाऊन आपण असा कागद वाचून दाखवूं शकतों?