पंगतीतील आडभिंत

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र 2:11-14; इफिसकरांस पत्र 2:11-19

यरुशलेमेतील मंदिराच्या आवारात एक कठडा होता. परराष्ट्रीयाने आत पाऊल टाकिल्यास त्याच्या मरणास तोच जबाबदार, अशा अर्थाचा ग्रीक शिलालेख तेथे लाविलेला असे. तो 1871 साली सापडला व हल्ली इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौल आडभिंतीविषयी लिहितो तेव्हा हाच कठडा त्याच्या मनात असावा, असे पुष्कळ अभ्यासकांस वाटते.

दगडाचा कठडा डोळ्यांस दिसतो. अंत्युखियात उभा राहिला तो दिसत नव्हता. पेत्र तेथे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवीत असे. याकोबाकडील माणसे आली, तेव्हा त्यांच्या भयाने तो मागे सरला. त्याने शिकवण बदलली नाही, बसण्याची जागा तेवढी बदलली. तरी पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष लाविला.

आपल्या महाराष्ट्रात ही भिंत मनातून कशी पडते, हे लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचावे. रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. बाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही अन्नपाण्याचे सोवळे सांभाळीत. जातिभेद मनुष्याने केलेला आहे हे त्यांस पटले, आणि मग 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्यापैकी कित्येकांचा क्रम उलटा आहे. बाप्तिस्मा होऊन दोन पिढ्या लोटल्या, पाण्याचा घडा अद्याप वेगळाच.

सरकारी कागदाचे प्रकरण याहून विचित्र आहे. अनुसूचित जातींविषयी राष्ट्रपतींचा आदेश 1950 साली निघाला. त्यात पुढे 1956 साली शिखांचा व 1990 साली बौद्धांचा समावेश झाला; ख्रिस्ती झालेल्या दलितांचा झाला नाही. म्हणून कित्येक गरीब घरी मुलाच्या दाखल्यावर एक धर्म व रविवारी दुसरा, अशी ओढाताण चालते. त्यांस ढोंगी म्हणावयास मी धजत नाही. मुलाची फी त्यांस भरावयाची आहे. पण कागद म्हणतो तुम्हांस ती जात उरली नाही, आणि सोयरीक जुळविताना आपणच ती हुडकून काढतो!

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. पारशिवनीच्या बाजूस एका गावी उपासनेनंतर मला दोन घरी चहाचे बोलावणे होते. दोन्ही घरे ख्रिस्ती, पूर्वजाती मात्र निराळ्या. उशीर होतो असे सांगून मी एकाच घरी गेलो. त्या घरची व माझी पूर्वजात एक होती. दुसऱ्या घरच्या विधवा आजीबाई एवढेच म्हणाल्या, "पाळकसाहेब, एस.टी. तर आमच्याच दारावरून जाते." मला उत्तर सुचले नाही. पुढल्या खेपेस प्रथम त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, पण स्वतःचा पेला घेऊन त्या उंबऱ्याच्या आत जाऊन बसल्या. बाहेर या म्हटले, तरी आल्या नाहीत.

उपदेशकांनी येत्या प्रीतिभोजनात कोण कोणाशेजारी बसतो व कोण वाढतो, हे मुकाट्याने पाहावे. हा पाठ त्यानंतरच्या रविवारी घ्यावा.