रिकामे पिंप

१८९७ साली म्हैसूरच्या जुन्या लाकडी राजवाड्यात राजकन्येच्या विवाहप्रसंगी आग लागली आणि वाडा भस्मसात झाला. नव्या राजवाड्याचे काम हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाकडे सोपविण्यात आले. १९१२ साली पूर्ण झालेल्या या वास्तूत दगड, वीट आणि ओतीव लोखंड यांचा मुबलक वापर आढळतो. आगीने शिकविलेला हा धडा होय. परंतु आग लागण्यापूर्वीच असा धडा घेता येईल काय? विमा कंपनीतील अभियंत्याचे काम नेमके या प्रश्नाशी निगडित आहे.

विमा म्हणजे नुकसानीनंतर मिळणारी भरपाई, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः कारखान्याचा विमा उतरविताना, शक्यतो त्यापूर्वीच, अभियंता तेथील जोखमीची पाहणी करतो. बांधकाम कशाचे आहे, विजेच्या तारा कशा आहेत, ज्वालाग्राही माल कोठे साठविला आहे, आग विझविण्यास पाणी पुरेल काय, हे तो तपासतो. म्हैसूर ज्यासाठी प्रसिद्ध आहे, त्या अगरबत्तीच्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. तेथे कोळशाची भुकटी, बांबूच्या काड्या आणि सुगंधी तेले जवळजवळ असतात. मालकाला तो नित्याचा माल वाटतो; अभियंत्याला त्यात आगीचे इंधन दिसते. त्याच्या अहवालावरून जोखीम किती व सुधारणा कोणत्या, हे ठरते.

तथापि, धोका नेहमीच डोळ्यांना दिसतो असे नाही. ज्या वर्षी म्हैसूरचा राजवाडा जळाला, त्याच वर्षी अमेरिकेत बेंजामिन ली व्होर्फ यांचा जन्म झाला. रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते १९१९ मध्ये हार्टफर्ड येथील अग्निविमा कंपनीत दाखल झाले आणि १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. आगींचे अहवाल तपासताना त्यांच्या ध्यानात आले की, पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ कामगार सावधपणे वागतात. परंतु ‘रिकामी’ पिंपे ठेवलेल्या जागी ते बेफिकीर असतात, धूम्रपानही करतात. प्रत्यक्षात जळते ती पेट्रोलची वाफ. भरलेल्या पिंपात हवेला जागा थोडी असते. रिकाम्या पिंपात उरलेली वाफ हवेत मिसळून स्फोटक मिश्रण होऊ शकते. म्हणजे ज्याला लोक रिकामे म्हणत होते, तेच अधिक घातक होते.

मराठी वाचकाला ही चूक सहज समजेल. आपणही द्रव संपलेल्या डब्याला रिकामा म्हणतो आणि ज्याच्या हातून काही घडत नाही अशा माणसालाही रिकामाच म्हणतो. एका अर्थाची निश्चिंतता दुसऱ्या अर्थात नकळत शिरते.

भाषा माणसाच्या विचाराला व वर्तनाला वळण लावते, या आपल्या सिद्धान्ताच्या पुष्टीसाठी व्होर्फ यांनी अशी उदाहरणे दिली. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. वाफ दिसत नाही, म्हणून कामगार फसला. शब्दाला दोष कशाला, असा एक आक्षेप आहे. तो विचारात घेण्याजोगा आहे. भाषा विचाराला पूर्णपणे बांधून ठेवते, असे आज सहसा मानले जात नाही. हा वाद भाषेच्या अभ्यासकांचा; आणि त्यांची एक प्रमुख संस्था, भारतीय भाषा संस्थान, १९६९ साली म्हैसुरातच स्थापन झाली, हा एक सुखद योगायोग.

अभियंत्याला मात्र वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. वाफ दिसत नसेल, तर ती शब्दाने दाखविली पाहिजे. म्हणून पिंपावर ‘रिकामे’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. ‘आत ज्वालाग्राही वाफ, विस्तव आणू नये’ असे त्यावर लिहावे आणि ते पूर्णपणे स्वच्छ केल्याखेरीज त्याला जोडकामाची ज्योत लावू देऊ नये. भरपाईने यंत्र पुन्हा विकत घेता येते. यंत्राजवळ उभा असलेला माणूस परत आणता येत नाही.