दारू प्यालेल्या चालकाने जखमी केले, तर? क्षमा आणि न्याय



नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला जाणारा रस्ता आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. लग्नकार्याला, बाजाराला, दवाखान्याला आपण याच रस्त्याने जातो. घरचा कर्ता माणूस मोटारसायकलवरून परतताना एखाद्या दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीखाली सापडला, तर त्या घरापुढे दोन प्रश्न उभे राहतात. खर्च कोठून आणायचा? आणि आपण ख्रिस्ती माणसे. क्षमा करायची की कोर्टात जायचे? आज या दोन्ही प्रश्नांचा विचार करू या.

पवित्र शास्त्र काय सांगते?

निर्गमाच्या पुस्तकात (21:18-19) नियम आहे की, मारामारीत दुसऱ्याला अंथरुणाला खिळवणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई करावी आणि त्याला पूर्ण बरे करवावे. लूककृत शुभवर्तमानात (19:1-10) जक्कय प्रभूला भेटल्यावर, ज्याला फसवले त्याला चौपट परत देण्याचे वचन देतो. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (क्रमांक 2290) सांगते की, नशेत किंवा वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे.

म्हणजे क्षमा आणि भरपाई यांचे वैर नाही. क्षमा करणारा मनातला द्वेष सोडतो. लेकरांच्या घासावरचा हक्क सोडलाच पाहिजे, असे प्रभूने सांगितलेले नाही.

एक खटला

12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यालेल्या एका तरुणाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. 7 जण मेले, 8 जण जखमी झाले. सत्र न्यायालयाने केवळ निष्काळजीपणा धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षे केली, आणि जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पिऊन गाडी चालवणाऱ्याला 'अपघात झाला' एवढे म्हणून सुटता येत नाही, हे या निकालाने दाखवले.

पहिले काम: दवाखाना आणि पोलीस

112 वर फोन करून पोलिसांना कळवावे. मे 2025 पासूनच्या केंद्र सरकारच्या योजनेत ठरवलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळतात. चालक प्यालेला वाटत असल्यास त्याची श्वासाची किंवा रक्ताची तपासणी लगेच करा, असा पोलिसांकडे आग्रह धरावा. तास गेले की पुरावाही जातो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असला की तो गुन्हा ठरतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. दवाखान्याची सर्व बिले आणि चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात.

फौजदारी खटला सरकार चालवते. त्यात चालकाला शिक्षा होते; भरपाईसाठी दावा वेगळा करावा लागतो.

दुसरे काम: भरपाईचा दावा

हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. अपघात पुण्याला झाला, पण जखमी माणूस नांदेड किंवा लातूरला राहत असेल, तर दावा आपल्याच जिल्ह्यात करता येतो. ऊसतोडीला किंवा बांधकामावर बाहेरगावी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कायद्यात 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, म्हणून उशीर झालेल्यांनीही वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये.

भरपाई कशी मोजतात? समजा, 32 वर्षांच्या गवंड्याची कमाई महिना 12,000 रुपये आहे आणि अपघाताने त्याची कमावण्याची शक्ती 40 टक्के गेली. पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून महिना 16,800, म्हणजे वर्षाला 2,01,600. या वयाला गुणक 16, म्हणून 32,25,600. त्याचे 40 टक्के 12,90,240 रुपये. उपचारांचा खर्च आणि वेदनांची भरपाई वेगळी. म्हणून कोणी घरी येऊन पन्नास हजारांत कोऱ्या कागदावर सही मागितली, तर देऊ नये.

चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर जखमेला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळण्याची तरतूद आहे. पण ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर गंभीर जखमेला 50,000 आणि मृत्यूला दोन लाख मिळतात.

चालक प्यालेला होता म्हणून विमा कंपनी हात झटकू पाहते. अशा वेळी न्यायालयांनी जखमीला आधी पैसे द्यायला लावून ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला दिलेली आहे.

वकिलाला पैसे नसतील तर

जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तेथे मोफत वकील मिळतो. 15100 हा मदतीचा क्रमांक आहे. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तिच्यावर अपील नाही. म्हणून रक्कम नीट समजून घेऊनच सही करावी.

आपल्या अंगणात

बंधुभगिनींनो, पिऊन गाडी चालवणारा नेहमी परकाच असतो असे नाही. आपल्या लग्नांत, सणांत, नाताळच्या रात्री आपणच पेला पुढे करतो आणि नंतर किल्लीही हातात देतो. ती किल्ली काढून घेणे हीसुद्धा शेजारप्रीती आहे. आणि आपल्या हातून कोणी जखमी झाला असेल, तर पापनिवेदन करून थांबू नये. जक्कयासारखे त्याच्या घरची वाट धरावी.

चिंतनासाठी प्रश्न

1. चांगल्या शोमरोन्याने जखमीच्या खर्चासाठी पैसे दिले. आपल्या धर्मग्रामातील अपघातग्रस्त कुटुंबासाठी आपण काय करू शकतो?
2. क्षमा करणे आणि हक्क मागणे यांत मला कोठे अडचण वाटते?
3. पुढच्या लग्नात पिणाऱ्याची किल्ली कोण ठेवून घेईल?

हे प्रभो, रस्त्यावर जखमी झालेल्यांना बरे कर, त्यांच्या घरच्यांना धीर दे, आणि आम्हांला शुद्धीत राहण्याचे बळ दे. आमेन.