द्राक्षांच्या हंगामातला लॅपटॉप

पिंपळगाव बसवंत

चि. भाचीस,

द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं करून देण्याचं काम तू स्वतःच्या नावावर सुरू केलंस आणि त्यासाठी बिझनेस लॅपटॉप घेतलास, हे कळलं. घरात सगळ्यांना आनंद आहे. त्या यंत्राबद्दल थोडं सविस्तर लिहितो. सोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत इथलं ऊन, इथली वीज आणि इथला हंगाम यांचा विचार नसतो.

द्राक्षाच्या कागदपत्रांचं काम वर्षभर सारखं नसतं. जानेवारी ते एप्रिल श्वास घ्यायला फुरसत नसते. कृषी निर्यातीची सरकारी संस्था अपेडा हिने २००६ साली ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंदव्यवस्था सुरू केल्यापासून युरोपला जाणाऱ्या प्रत्येक पेटीचा माग थेट बागेपर्यंत लागला पाहिजे. प्लॉटची नोंदणी, औषधांच्या अंशांची तपासणी, ॲगमार्क, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, सगळं ऑनलाइन. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि बागायतदारांचे फार हाल झाले. तेव्हापासून या कागदांना कोणी हलक्यात घेत नाही. न्हावाशेवा बंदराला कंटेनर निघेपर्यंत पॅकहाउसमधला लॅपटॉप चार्जरला जोडलेलाच असतो. मे उजाडला की तोच लॅपटॉप शंभर टक्के भरलेल्या बॅटरीसह कपाटात जातो आणि दिवाळीपर्यंत तिथेच पडून राहतो.

बॅटरीला या दोन्ही सवयी मारक आहेत.

बॅटरी वापरल्याने संपते असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. पूर्ण भरणं आणि पूर्ण उतरणं अशी तीनशे ते पाचशे आवर्तनं झाली की साधारण बॅटरीची ताकद जाणवण्याइतकी घटते, हे खरं. पण न वापरताही ती म्हातारी होते, आणि त्याची दोन मोठी कारणं म्हणजे उष्णता आणि सतत पूर्ण भरलेलं असणं. आतल्या प्रत्येक सेलचा विद्युतदाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास जातो. त्या ताणाखाली आतले रासायनिक थर हळूहळू बिघडत राहतात आणि उकाडा तो बिघाड वाढवतो. बॅटरीच्या अभ्यासकांचं एक नेहमीचं कोष्टक आहे. चाळीस टक्के भरलेली बॅटरी २५ अंश तापमानात वर्षभर ठेवली तर सुमारे ९६ टक्के ताकद शिल्लक राहते, पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश झालं तर हेच आकडे ८५ आणि ६५ वर येतात. निफाड तालुक्यातल्या पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मेमध्ये ४० अंश काही विशेष नाही.

‘आधी पूर्ण उतरू दे, मग चार्ज कर’ असं तुला कोणीतरी वडीलधारं नक्की सांगेल. तो सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. सोनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या लिथियम-आयन जातीला त्याची गरज नाही. या बॅटरीच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिला पूर्ण उतरवणं उलट त्रासाचंच आहे. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधे तिला बरं वाटतं.

बिझनेस लॅपटॉपला चार पैसे जास्त मोजण्यामागचं एक चांगलं कारण इथे कामाला येतं. लेनोवोच्या व्हँटेजमध्ये, डेलच्या बायोसमध्ये आणि एचपीच्या बॅटरी हेल्थ मॅनेजरमध्ये चार्जिंग ऐंशीच्या आसपास थांबवायची सोय असते. ती आजच चालू कर. मग हंगामभर चार्जर लागलेला राहिला तरी फारशी काळजी नाही. प्रवासाच्या आदल्या रात्री किंवा महावितरणचा बंद जाहीर झाला असेल तेव्हा तेवढ्यापुरतं शंभरावर ने. मे महिन्यात काम आटोपल्यावर बॅटरी पन्नास टक्क्यांवर आणून लॅपटॉप पूर्ण बंद कर, नुसता झोपवू नकोस, आणि घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात ठेव. दोन महिन्यांनी एकदा पाहा, फार उतरली असेल तर पुन्हा पन्नासावर आण.

उन्हात उभ्या गाडीत मात्र तो पाच मिनिटंही सोडू नकोस. बंद गाडीच्या आत एप्रिलमध्ये तापमान साठ अंशांच्या आसपास जाऊ शकतं.

थंडीचाही एक धोका आहे आणि तो पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्यालाच भेटतो. शीतगृह शून्य ते एक अंशावर असतं. मोजणीसाठी लॅपटॉप आत नेला आणि तसाच बाहेर आणून लगेच चालू केला, तर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी त्याच्या गार अंगावर आणि आतल्या पाट्यांवर बसतं. आत जाताना कागद-पेन किंवा मोबाइल ने. लॅपटॉप न्यावाच लागला तर बंद करून पिशवीत ठेव आणि बाहेर आल्यावर पिशवी न उघडता तासभर थांब. तिथे चार्जर तर लावूच नकोस, कारण गोठणबिंदूखाली गार झालेली बॅटरी चार्ज केली तर आत लिथियमचा थर साचतो आणि तो पुन्हा निघत नाही.

पेट्यांमधल्या ग्रेपगार्डच्या कागदातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्षांवर बुरशी येऊ नये म्हणून तो हवाच, पण तांब्याच्या जोडण्यांना तो खातो. ते कागद जिथे रचून ठेवलेले असतात तिथे टेबल मांडू नकोस. भुरी रोगासाठी बागेत गंधक धुरळतात तेव्हा खिडकी लाव. बाजार समितीच्या बाजूला कामाला बसशील तर कांद्याची पातळ टरफलं पंख्याच्या जाळीवर चिकटतात, वारा अडतो आणि यंत्र आतून तापतं, म्हणजे फिरून बॅटरीवरच येतं. वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, जाणत्या माणसाकडून पंखा साफ करून घे. पॅकहाउसच्या कॉम्प्रेसरची हवा त्यावर मारू देऊ नकोस. त्या जोराने पंखा बेफाम फिरून बिघडतो.

विजेबद्दल थोडंच. ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट झेलतो, त्यामुळे शेतीपंप सुरू झाल्यावर होणारे चढउतार तो बहुधा सोसेल. अर्थिंग मात्र तपासून घे. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढ आणि राउटरची केबलही काढ. ॲडॉप्टर बदलायची वेळ आली तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघ. तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. दोनशे-चारशे रुपये वाचवून घेतलेला बिनखुणेचा चार्जर लाखाच्या जवळपासच्या यंत्राला लावणं मला अजिबात पटत नाही.

पक्कं बिल फर्मच्या नावाने जपून ठेव. संगणकावर आयकरात ४० टक्के दराने घसारा मिळतो, आणि खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्मा. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची बहुतेक वेळा एकच वर्षाची असते, हेही बिलासोबतच्या कागदात वाचून घे. विंडोजचं बिटलॉकर हे कुलूप चालू असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घरात ठेव. उद्या मदरबोर्ड बदलला तर ती किल्ली मागितली जाते, आणि ती नसेल तर सगळ्या हंगामाच्या फायली समोर असून उघडत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये कपाटातून लॅपटॉप काढलास की विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढ. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता, दोन्ही मिलिवॅट-तासांत दिसतात. आताचा आकडा मूळच्या साठ टक्क्यांच्या आसपास आला असेल, तर बॅटरी तेव्हाच बदल. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे असं समज. तिला दाबू नकोस, चार्जर लावू नकोस, यंत्र बंद करून तसंच अधिकृत सर्व्हिस सेंटरला दे. जुनी बॅटरी कचऱ्यात जाऊ देऊ नकोस. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, म्हणून बदलतानाच तिथे सोपव. सर्व्हिस सेंटरसाठी नाशिक तीसेक किलोमीटरवरच आहे, पण मागवलेली बॅटरी यायला कधी आठवडा, कधी दोन आठवडे लागतात, आणि जानेवारीत तुला तेवढी सवड मिळणार नाही.

तुझा,
मामा