हौशी रेडिओचा छंद ओसरत आहे काय?

मूळचे लखनौचे रहिवासी असलेले ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला 2025 च्या जून-जुलै महिन्यांत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात वास्तव्य करून होते. तेथून त्यांनी 4 जुलै रोजी बंगळूरच्या उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी शिलाँगनजीक उमियम येथे जमलेल्या विद्यार्थ्यांशी संभाषण केले. या दोन्ही संभाषणांसाठी वापरलेले साधन हौशी रेडिओचे होते. ज्या छंदाला कालबाह्य म्हणून हिणवले जाते, त्याच छंदाची उपकरणे अंतराळ स्थानकात जागा अडवून बसली आहेत. हा विरोधाभास नीट उलगडून पाहण्याजोगा आहे.

हौशी रेडिओ म्हणजे केवळ ऐकण्याचा रेडिओ नव्हे. परीक्षा देऊन व सरकारी परवाना घेऊन, कोणताही द्रव्यलाभ मनात न धरता, स्वतःच्या केंद्रावरून संदेश पाठविणे व घेणे, आणि त्या निमित्ताने विद्युत्‌शास्त्राचा अभ्यास करणे, असे त्याचे स्वरूप आहे. अशा छांदिष्टास जगभर ‘हॅम’ म्हणतात. प्रत्येकाला एक संकेतनाम मिळते. भारतीय संकेतनामे बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात.

आपल्या देशात या छंदाचा उगम 1921 च्या सुमारास कलकत्त्यात झाला. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने सर्व परवाने रद्द केले आणि यंत्रे जमा करण्याचा हुकूम सोडला. यंत्रे जमा करता आली, विद्या मात्र जमा करता आली नाही. 1942 च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत जे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र उषा मेहता आणि त्यांचे सहकारी चालवीत होते, त्याचा प्रक्षेपक उभारण्यात नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी रेडिओचालकाचा हात होता. ते केंद्र 42.34 मीटर तरंगलांबीवर बोलत असे. कंप्रतेच्या भाषेत हे सुमारे 7.1 मेगॅहर्ट्झ होते, आणि आजही हौशी मंडळींचा एक अत्यंत आवडता पट्टा तेथेच आहे. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये महू येथे हौशी रेडिओचालकांची संस्था स्थापन झाली. ती पुढे दिल्लीस गेली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. छंद ओसरला की वाढला, हे ठरविण्यासाठी प्रथम परवान्यांचे आकडे पुढे केले जातात. 1970 च्या सुमारास भारतात सुमारे 450 परवानाधारक होते; 2007 च्या सुमारास ती संख्या 16,000 च्या घरात गेली होती. जपानमध्ये उलट चित्र दिसते. तेथे 1995 च्या सुमारास तेरा लाखांहून अधिक हौशी केंद्रे होती, ती पुढे घटत घटत चार लाखांच्याही खाली आली. खिशातला दूरध्वनी स्वस्त झाल्यावर, केवळ मित्राशी गप्पा मारण्यासाठी ज्यांनी परवाना घेतला होता, त्यांनी तो सोडून दिला. अमेरिकेत मात्र सात लाखांहून अधिक परवानाधारक टिकून आहेत. तेथे मोर्सच्या ‘कडकट्ट’ लिपीची सक्ती 2007 मध्ये उठली, त्यामुळे दार रुंद झाले.

परंतु या आकड्यांवर फार विसंबू नये. भारतात परवाना वीस वर्षांसाठी किंवा आजीवन घेण्याची सोय झाली. ज्याने विशीत परवाना घेतला आणि तिशीत यंत्र माळ्यावर टाकले, तोही कागदोपत्री हौशी रेडिओचालकच राहतो. म्हणून परवाने किती, हे विचारण्याऐवजी संध्याकाळी पट्ट्यावर आवाज किती ऐकू येतात, हे विचारणे अधिक योग्य. आणि येथेच आकाश आपली गुंतागुंत पुढे करते.

लखनौहून मुंबईस सरळ रेषेत सुमारे 1,200 किलोमीटर अंतर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे रेडिओलहर सरळ जाऊन तेथे पोहोचू शकत नाही. ती वर जाते, सुमारे 300 किलोमीटर उंचीवरील आयनांबरात वाकते आणि पुन्हा खाली येते. लखनौच्या चालकाने क्षितिजापासून सुमारे 25 अंशांच्या कोनात लहर सोडली, तर ती एकाच झेपेत मुंबईत उतरते. आयनांबर हे सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी घडविलेले असते. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे आहे. डाग पुष्कळ असतात तेव्हा 20 ते 30 मेगॅहर्ट्झच्या लहरी थोड्याशा शक्तीने खंड ओलांडतात. डाग विरळ झाले की त्याच लहरी आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात. 2019 च्या अखेरीस सूर्य अगदी शांत होता. त्या काळी ‘पट्टे मेले, छंद संपला’ अशी जी ओरड झाली, तिच्यातील बराचसा दोष सूर्याकडे जातो. 2024 च्या सुमारास डाग पुन्हा भरात आले आणि तेच पट्टे गजबजले.

या बाबतीत लखनौचे स्थान विशेष आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्याच्यावरील आयनांबरातील विद्युत्‌भारित द्रव्य दिवसा वर उचलले जाते आणि उत्तरेस व दक्षिणेस ओघळून दोन दाट पट्टे निर्माण करते. उत्तरेकडील पट्टा लखनौच्या आसपास येतो. त्यामुळे तेथील आकाश रेडिओच्या अभ्यासकास चेन्नई वा दिल्लीपेक्षा वेगळे वागताना दिसते.

सूर्याला दोष देता येणार नाही अशीही कारणे आहेत. 7 मेगॅहर्ट्झसाठी साधी अर्धतरंगी तार सुमारे 20 मीटर लांब लागते. जुन्या लखनौच्या चौकातील ऐसपैस गच्चीवर ती ताणता येई. गोमतीनगरच्या बहुमजली सदनिकेत शेजाऱ्यांची व सोसायटीची संमती मिळवितानाच उत्साह मावळतो. तार ताणली तरी घरोघरचे एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर विद्युत्‌गोंगाट करीत असतात, आणि दूरचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो. परवान्यासाठी परीक्षा, पोलिस चौकशी व कागदपत्रांची फेरी या पायऱ्या चढेपर्यंत शाळकरी मुलगा महाविद्यालयात जाऊन पोहोचतो. यंत्र स्वतः जोडण्याची सवयही कमी झाली. पूर्वी जुन्या बाजारातून झडपा व धारित्रे आणून प्रक्षेपक बांधीत. आज तयार संच विकत मिळतो, आणि तो बिघडला तर उघडून पाहण्याची छाती थोड्यांनाच होते. याहून मोठी हानी या छंदाची झालेली नाही.

नव्या वाटाही फुटल्या आहेत. 1993 चे नोबेल पारितोषिक मिळविणारे ज्योतिर्भौतिकीविद जोसेफ टेलर हे स्वतः हौशी रेडिओचालक आहेत. त्यांनी एका सहकाऱ्यासह 2017 मध्ये ‘एफटी-8’ ही पद्धती प्रचारात आणली. तीत संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी संकेत पाठवितो, आणि कानाला मुळीच न जाणवणारा, गोंगाटाखाली गाडलेला संकेतही शोधून काढतो. आखूड तारेवर भागविणाऱ्या सदनिकावासीयाला ही मोठीच सोय झाली. जुने चालक मात्र कुरकुरतात की यात माणूस माणसाशी बोलतच नाही. आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. भारताने 5 मे 2005 रोजी सोडलेला ‘हॅमसॅट’ हा 42.5 किलोग्रॅमचा उपग्रह 2014 पर्यंत जगभरच्या हौशी मंडळींचे संदेश वाहून नेत होता.

आपत्तीच्या वेळी हा छंद कसा उपयोगी पडतो, याचे उदाहरण 2004 चे आहे. भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचा एक गट डिसेंबरमध्ये पोर्ट ब्लेअरला गेला होता. हेतू केवळ छंदाचा होता. 26 डिसेंबरला सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि त्या गटाचे केंद्र बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळविणारे साधन बनले. 1993 च्या किल्लारी भूकंपातही हौशी मंडळी अशीच धावली होती. मोबाइलचे मनोरे वीज आणि तारांच्या जाळ्यावर जगतात. हौशी केंद्राला मोटारीची एक बॅटरी, एक तार आणि ती वापरणारा सरावलेला माणूस पुरतो. बॅटरी व तार ऐन वेळी मिळू शकतात. सरावलेला माणूस मात्र आगाऊ तयार असावा लागतो.

अंतराळ स्थानकाशी थेट बोलायचे असल्यासही सराव लागतो. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारे ते स्थानक एका ठिकाणाहून जेमतेम दहा मिनिटे आवाक्यात असते. त्याची 145.8 मेगॅहर्ट्झची लहर जवळ येताना सुमारे साडेतीन किलोहर्ट्झने चढी आणि दूर जाताना तितकीच उतरलेली भासते, म्हणून ग्राहकयंत्राची कंप्रता सतत सरकवावी लागते. केवळ ऐकण्यासाठी एक स्वस्त ग्राहकयंत्र आणि अर्ध्या मीटरची उभी तार पुष्कळ वेळा पुरते. लखनौच्या एखाद्या शाळेच्या गच्चीवरून हा प्रयोग सहज करता येतो.