ठसा एक, बैल दोन

भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे आपण सर्वांनीच उमटवले आहेत. पण एका ठशामागे दुसरा कसा उभा करायचा, हे मला पोळ्यापर्यंत ठाऊक नव्हते. माझी फजिती झाली, म्हणून ते कळले.

आमचा सर्जा उन्हाळ्यात विकावा लागला. गोठ्यात राजा एकटाच राहिला. पोळ्याच्या भित्तिपत्रकात तरी दोघे जोडीनं उभे राहावेत, असं मला वाटत होतं. कार्यानुभवाच्या तासाला मी जुन्या स्लिपरच्या रबरातून एक बैल कापला. ठसा उलटा उमटतो, म्हणून तोंड डावीकडे ठेवले; कागदावर ते उजवीकडे आले.

आधी मागचा राजा निळ्या शाईत उमटवला. मग त्याच्या अंगावर पुढचा सर्जा तांबड्या शाईत. झालं! जिथे दोघे एकमेकांवर आले, तिथे नुसता मळकट जांभळा गोळा. मुलं ओरडली, "आठ पायांचा बैल!" ड्रॉइंगचा कोरा कागद आता एकच उरला होता. मी रडायचाच बाकी होतो.

गुरुजी म्हणाले, "अरे, जाड रंगाने चित्र काढताना मागचे आधी, पुढचे नंतर. तो रंग खालचे झाकतो. शाई पातळ, ती काही झाकत नाही. म्हणून ठशात उलटे. पुढचा आधी, मागचा नंतर. आणि पुढच्यावर झाकण!"

कृती अशी :

१. पुढचा बैल उमटवा. तोच ठसा वहीच्या पातळ रद्दी कागदावरही उमटवा. दोन्ही वाळू द्या.

२. रद्दीवरचा बैल अगदी कडेने कापा. बाहेर पांढरा कागद राहिला, तर दोन बैलांमध्ये पांढरी फट दिसते.

३. हे झाकण पहिल्या बैलावर बरोबर बसवा. पायांकडून बोटाने दाबून धरा. चिकटवू नका.

४. ठसा पुसून दुसरी शाई लावा. थोडा वर, थोडा पुढे दाबा. निम्मा ठसा झाकणावर पडेल. पडू द्या.

५. झाकण सरळ वर उचला. मागचा बैल मागेच दिसेल!

झाकणाला पुठ्ठा घेऊ नका. मी आधी तोच घेतला होता. त्याच्या जाडीमुळे कडेजवळ ठसा कागदाला टेकलाच नाही. आणि ब्लेड मोठ्या माणसांसमोरच वापरा.

गुरुजींनी आणखी एक माहिती सांगितली. जयपूरजवळच्या बगरू गावातले कारागीर कापडावर झाकण घालतात ते चिखलाचे! चिखल, चुना आणि डिंक कालवून ठशाने कापडावर लावतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात. वाळल्यावर कापड निळीत बुडवून धुतात. चिखलाखालची नक्षी निळी होत नाही. हिला दाबू छपाई म्हणतात.

दोनदा रद्दीवर करून पाहिले, मग उरलेला कोरा कागद घेतला. हात कापत होता. पण जमलं. आमच्या वर्गात आता त्या झाकणाला सगळे 'झूल' म्हणतात.

ते चित्र या लेखाशेजारीच लावले आहे. मागे निळा तो राजा. पुढे तांबडा तो आमचा सर्जा.

– इयत्ता ७ वी