दसरा काढताना धाप लागली

आमचं मूळ साताऱ्याकडचं. ठाण्यात आलो तरी घटस्थापनेआधी दसरा काढायची रीत सुटली नाही. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, जळमटं काढायची, गाद्या झोडपायच्या. त्या दिवशी मला शिंका ठरलेल्या, रात्री छातीत घरघरही. धूळ गेली असेल नाकात, असं सगळे म्हणायचे. एका वर्षी मात्र गादी झोडपताना अशी धाप लागली, की दवाखान्यात नेऊन वाफेतून औषध द्यावं लागलं. पुढे त्वचेवरची ॲलर्जीची चाचणी झाली आणि निदान निघालं: डस्ट माइट.

हे कोळ्याच्या कुळातले जीव. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेसुद्धा नसतात. चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि हवेतलाच ओलावा शोषतात. त्यामुळे लख्ख घरातही गादी-उशी त्यांना पुरते, आणि पावसाळ्याने तर त्यांचं फावतंच. आपल्याला बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा. म्हणूनच नुसतं ऊन दाखवून भागत नाही. उन्हाने गादी सुकते, काही किडे मरतात. पण बाधणारे कण कापसातच राहतात आणि झोडपलं की थेट नाकात.

तेव्हा वर्षातून एकदा घर उलथंपालथं करण्यापेक्षा अंथरुणाकडे दर आठवड्याला बघा. चादरी आणि अभ्रे 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. त्याने किडे मरतात आणि कणही निघून जातात. गादीला, उशीला दाट विणीची, चेनची कव्हरं घाला. मुलांची कापडी खेळणी पिशवीत घालून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग धुवा. नुसत्या थंडीने किडे मरतील, कण जाणार नाहीत.

पावसाळ्यात झोपायच्या खोलीत दोऱ्या बांधून कपडे वाळत घालू नका. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर हे किडे तगत नाहीत. आपल्याकडे जुलैत ते जमणं कठीण, पण एसी असेल तर ‘ड्राय’वर लावून फरक पडतो. कोरडं झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. गादी झोडपायचीच असेल तर ज्याला त्रास नाही त्याने, मास्क लावून, घराबाहेर झोडपावी. एअर प्युरिफायर घ्यायची घाई नको: हे कण जड असल्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाहीत, खाली बसतात. तेच पैसे आधी कव्हरांना घाला.

घर आवरलं म्हणून डॉक्टरांनी दिलेला पंप परस्पर बंद करू नका. ही काळजी औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नाही.

सगळं एकदम जमणार नसेल तर उशीपासून सुरुवात करा. रात्रभर नाक तिच्यावरच असतं.